गाढवाची बाजू

नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी व्हावंच लागतं. काही जण सोसायटीचे सेक्रेटरी होतात, काही जण होमिओपॅथ होतात, उरलेले त्यांचे पेशंट होतात. मी चित्रकार व्हायचं ठरवलं. चित्रकार म्हणजे झोळी, दाढी आणि ‘जहांगीर’मध्ये प्रदर्शन असला मोठा मामला नव्हे. माझी महत्त्वाकांक्षा चार चौकटींची. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली आणि शब्दकोड्याच्या वर एक आडवी चित्रपट्टी असते ना, तसली एक पट्टी आपल्या नावाने यावी, लोकांनी सकाळी चहाचा कप हातात धरून ती वाचावी, आणि एखाद्याने तरी हसताना चहा सांडावा, एवढीच इच्छा. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली निदान दहा वर्षं मी स्लिपांच्या पाठीमागे चित्रं काढण्यात घालवली असतील. एकदा शाखाधिकाऱ्यांना बैल करून काढलेली स्लिप चुकून व्हाउचरांत टाचली गेली आणि थेट ऑडिटपर्यंत पोचली. ऑडिटरने तिच्यावर हिरव्या शाईने बरोबरची खूण केली होती.

‘‘प्राण्यांची काढा,’’ एका बालपुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं. ‘‘प्राणी खपतात.’’

हे वाक्य त्यांनी एखाद्या खाटकाला शोभेल अशा सहजतेने उच्चारलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. नाही झालो. दोन महिने मीच खपलो आणि चार पात्रं तयार केली: एक गाढव, एक कावळा, एक म्हातारं मांजर आणि भिंतीवरची एक पाल. सहा पट्ट्या शाईने पक्क्या करून, पुठ्ठ्यात घालून देऊन आलो. पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. सूचना चार होत्या. गाढव मूर्ख दिसत नाही, ते मूर्ख दिसावं. सगळेच प्राणी जरा गोड करावेत, डोळे मोठे करावेत, गाढवाला हसवावं. कोल्हा कुठे आहे? कोल्ह्याशिवाय लबाडी कोण करणार? आणि शेवटच्या चौकटीत तात्पर्य हवं.

मी म्हटलं, ‘‘साहेब, गाढव हसत नाही.’’

‘‘गाढव बोललेलं चालतं तुम्हाला, आणि हसलं की अडलं का?’’

प्रश्न बिनतोड होता. तिथल्या तिथे मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं नेहमी घरी आल्यावर, चप्पल काढताना सुचतात. या खेपेला चप्पल काढून दीड वर्ष झालं तरी ती सुचताहेतच. हिला ऐकवून झाली, शेजारच्या निवृत्त स्टेशनमास्तरांना ऐकवून झाली, आता ते मला लांबून पाहिलं की लिफ्ट सोडून जिन्याने जातात. तेव्हा उरलेली तुम्हाला ऐकवतो.

संपादकांवर घसरण्यापूर्वी एक कबूल केलं पाहिजे. सुरुवातीला मीही त्यांच्याच पंथातला. माझं पहिलं गाढव मी मागच्या दोन पायांवर उभं केलं, त्याला शर्ट-पँट घातली आणि हातात जेवणाचा डबा दिला. तिथून अडचणींना सुरुवात झाली. पँट घातली तर शेपूट कुठे ठेवायचं? आत कोंबलं तर ते गाढव राहत नाही. बाहेर काढलं तर याने शिंप्याकडे माप कसं दिलं असेल, हा विचार पाठ सोडत नाही. डबा धरायला बोटं हवीत, आणि खुराला बोटं कुठली? अमेरिकेतल्या मंडळींनी यावर पूर्वीच तोडगे काढून ठेवले आहेत. मिकी माउसच्या हाताला तीन बोटं आणि एक अंगठा. हात एवढासा, त्यावर पाच बोटं काढली तर केळ्यांची फणी दिसते. शिवाय प्रत्येक हातामागे एक बोट वाचलं म्हणजे वर्षाकाठी किती शाई वाचली पाहा. त्याचे ते पांढरे हातमोजे १९२९ साली आले, आणि तेही थंडी वाजते म्हणून नव्हे. काळ्या अंगापुढे काळा हात आला तर तो दिसायचा कसा, एवढीच अडचण होती. मोठमोठ्या कलावंतांच्या प्रतिभेमागे बऱ्याचदा अशी एखादी साधी अडचण दबा धरून बसलेली असते.

गाढवाला खुर्चीवर बसवणं तर त्याहून कठीण. त्याच्या मागच्या पायाचा गुडघा उलटा वाकतो असं आपण समजतो. तो गुडघा नसतोच, ती टाच असते. खरा गुडघा वर, पोटाला लागून असतो. म्हणजे गाढव बिचारं जन्मभर एकेका बोटाच्या नखावर चालत असतं. अशा प्राण्याला ऑफिसच्या खुर्चीत बसवणं म्हणजे नर्तकीला पोत्याच्या शर्यतीत उतरवणं.

बरं, एकदा कपडे घातले की ते कुणी घालायचे आणि कुणी नाही, हा कायदा करावा लागतो. डोनाल्ड डक शर्ट घालतो, खाली काही नाही. आणि आंघोळ करून आला की हाच गृहस्थ कमरेला टॉवेल गुंडाळतो. गूफी कुत्रा आणि प्लूटोही कुत्राच. एक टोपी घालून मोटार चालवतो, दुसरा गळ्यात पट्टा अडकवून हाडूक शोधतो. का? एकाच जातीत हा भेद का, असं जगभरातल्या पोरांनी आपापल्या बापांना विचारून झालं आहे आणि बापांनी ‘‘अभ्यास झाला का?’’ असं उलट विचारून वेळ मारून नेली आहे. आणि जेवणाचं काय? वाघ आणि शेळी एकाच गावचे मतदार असतील, तर वाघाने रात्री काय खायचं? हे सगळं पहिली रेघ मारण्याआधी ठरवावं लागतं. मी पुढे ठरवलं: माझ्या वाडीत कपडे कुणालाच नाहीत. प्राणी आपापसांत बोलतात, माणसाशी नाही. माणूस दिसलाच तर गुडघ्यापर्यंत दिसतो, कारण पालीखेरीज कुणाची नजर त्याच्या वर जात नाही. आणि मांजर पालीकडे रोज एकदा टक लावून बघतं, मग सुस्कारा सोडून दुसरीकडे मान वळवतं. या सुस्काऱ्यावर माझ्या दोन पट्ट्या निघाल्या.

पण हे पुढचं. ते शर्ट-पँटवालं गाढव मी मोठ्या कौतुकाने हिला दाखवलं होतं. हिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अहो, हे तुमचे ते कर्ज विभागातले साहेब ना? कान का असे केलेत त्यांचे?’’

माझं तोंड उतरलं, पण हिचं खरं होतं. मी गाढव काढलंच नव्हतं. साहेबच काढले होते, कान लावून. कान खोडून टाकले असते तरी पट्टी तशीच्या तशी राहिली असती. आणि माझा पहिला मुद्दा हाच आहे. बोलक्या प्राण्यांच्या आपल्याकडच्या बहुतेक चित्रकथा घ्या आणि प्राण्यांचे मुखवटे काढून टाका. गोष्टीचा केसही वाकडा होत नाही. मग त्या जिवाला विनाकारण एवढ्या लांब जंगलातून आणलं कशाला? सरळ माणूस काढा! डोक्यावर दोन केस आणि नाकाखाली मिशी एवढ्यात भागतं.

तेव्हा एके सकाळी वही घेऊन मी पर्वतीच्या पायथ्याला गेलो. तिथे टेंपो चढत नाही अशी एक गल्ली आहे, आणि वरच्या बांधकामावर विटा वाहायला चार गाढवं येत. त्यांच्या मालकाने मला दोन दिवस नुसतं पाहून घेतलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘‘काय काका, कार्पोरेशनचे का?’’

‘‘नाही, चित्र काढतोय.’’

‘‘माझं?’’

‘‘नाही. गाढवाचं.’’

तो जरा नाराज झाला. पण मग त्यानेच मला एकेक दाखवायला सुरुवात केली. मढीच्या बाजारातून रंगपंचमीला आणलेलं हे, जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारातलं ते. बाजारात तोंड उघडून दात बघतात आणि वय ठरवतात. आमच्या बँकेत जन्मदाखला, पॅनकार्ड आणि वर दोन साक्षीदार लागायचे. पाठीच्या कण्यावरून गेलेला काळपट पट्टा आणि त्याला खांद्यावर आडवा छेद देणारा दुसरा पट्टा त्यानेच दाखवला. साठ वर्षं गाढवं बघत होतो, हा पट्टा कधी बघितला नव्हता. तोंडाभोवती पांढुरकं, जणू आत्ताच पिठाच्या डब्यात घालून आलंय.

पाचव्या दिवशी पुढचं गाढव एकदम थांबलं. गटारावर नवी फरशी टाकली होती, तिच्या अलीकडे. मालकाने हाक दिली, मग शिवी दिली, मग काठी दिली. गाढव जागचं हललं नाही. घाबरलं की घोडा उधळतो, गाढव थांबतं. बघतं, हुंगतं, विचार करतं. शेवटी मालक स्वतः फरशीवर चढला आणि फरशी डुगडुगली. त्याने गुपचूप खाली एक चीप सारली, मग चारही गाढवं पार झाली. याला आपल्याकडे आडमुठेपणा म्हणतात. बँकेत याच गुणाला आम्ही ‘पडताळणी’ म्हणत होतो, त्यासाठी वेगळा अधिकारी होता आणि त्याला वेगळा भत्ता होता.

खरं म्हणजे हे कळायला मला पर्वतीपर्यंत जायची गरज नव्हती. सातवीत माझ्या बाकावर कुंभारवाड्यातला एक मुलगा बसायचा. घरी सहा गाढवं होती. पहाटे उठून तो वडिलांबरोबर मातीच्या दोन खेपा करून यायचा, त्यामुळे प्रार्थना चुकायची. गणिताचे मास्तर हजेरी घेताना त्याचं नाव आलं की नाव घेत नसत. ‘‘गाढव आलं का?’’ म्हणून विचारीत. वर्ग हसायचा. मीही हसायचो. त्याच्या शेजारी बसून हसायचो. मधल्या सुट्टीत हाच मुलगा मला वहीच्या मागच्या पानावर गाढव काढायला शिकवायचा. मी दोन्ही कान सारखे काढले की रबराने खोडायचा. म्हणायचा, ‘‘दोनी कान एका अंगाला कधी नसत्यात रं. एक मालकाकडं आन् एक सवताकडं.’’ सहामाहीचे पेपर वाटताना मास्तर त्याला म्हणाले, जा, गाढवं हाक जा. तसं ते आम्हा सगळ्यांनाच म्हणत. पण आमच्या बाबतीत त्या वाक्याला काही अर्थ नव्हता; आम्हाला गाढवं कुठून मिळणार? त्याच्याकडे सहा होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. मास्तरांनी दोन दिवस त्याचं नाव पुकारलं, त्या दोन दिवसांत मात्र नीट पुकारलं, आणि तिसऱ्या दिवशी खोडून टाकलं.

संपादक ‘गाढव मूर्ख दाखवा’ म्हणाले तेव्हा त्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण म्हणून मी ते ऐकावं असंही काही कारण नव्हतं.

आता कोल्हा. मराठीत कोल्हा म्हणजे रात्री शेताच्या बांधावर कोल्हेकुई करतो तो. इंग्रजीत त्याला जॅकल म्हणतात. फॉक्स म्हणजे आपलं खोकड: अंगाने लहानसं, शेपटीचं टोक काळं. आणि आपल्या पोरांच्या पुस्तकांत कोल्हा म्हणून कोण अवतरतो? नारिंगी अंगाचा, पांढऱ्या टोकाची झुबकेदार शेपटी मिरवणारा विलायती साहेब! महाराष्ट्रातला एकूण एक बांध तुडवलात तरी तो सापडायचा नाही. इंग्रजी पुस्तकातून चित्र उचललं, मराठी नाव डकवलं, कानामागे लबाडी चिकटवली, की झाला कोल्हा तयार. हे म्हणजे ‘मराठी माणूस’ म्हणून सूट-हॅटमधला गोरा काढायचा आणि खाली ‘भांडकुदळ’ लिहायचं.

यावर माझ्या तोंडावर पंचतंत्र फेकण्यात येतं. संपादकांनीही फेकलं. ‘‘विष्णुशर्म्याला तुमच्यापेक्षा कमी कळत होतं का?’’ मुळीच नाही. फक्त आपण ते पुस्तक चौथीच्या वाचनमालेनंतर उघडलेलं नसतं. त्यातल्या पहिल्याच तंत्रात दोन कोल्हे आहेत, दमनक आणि करटक. दमनक सिंह आणि बैलाच्या मैत्रीत बिब्बा घालतो. करटक त्याला पुन्हा पुन्हा सांगतो की बाबा रे, हे करू नकोस. जात एक, घर एक, बेकारी एक, आणि स्वभाव दोन! आठव्या शतकात हे पुस्तक अरबीत गेलं तेव्हा या दोघांची जोडी तिकडच्या लोकांना एवढी पटली, की पुस्तकाचं नावच ‘कलीला व दिम्ना’ ठेवलं. आपण मात्र दोघांना वितळवून एकच ठोकळा पाडला, ‘लबाड कोल्हा’. गाढवाला त्या ग्रंथातही न्याय नाही, हे मान्य. वाघाचं कातडं पांघरून तेच मार खातं, भलत्या वेळी गाणं म्हणून तेच मार खातं. पण हे दोन हजार वर्षांपूर्वीचं कर्ज आहे. ते अजून किती पिढ्यांच्या खात्यावर ओढायचं?

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मी टाळणार नाही, कारण ते खरंच वजनदार आहे. चार चौकटी असतात, वाचकाच्या हातात चहा असतो, आठ पंचवीसची लोकल असते. गाढव म्हटलं की मूर्ख, कोल्हा म्हटलं की लबाड. ओळख करून द्यायला वेळ लागत नाही. ठीक आहे. एका दिवसाच्या पट्टीपुरतं ठीक आहे. पण पट्टी रोज येते. ती पाहुण्यासारखी नाही, शेजाऱ्यासारखी असते. शेजारी पहिल्या दिवशी आपल्याला ‘मोठ्याने रेडिओ लावणारा’ एवढाच ठाऊक असतो. दहा वर्षांनी त्याच्या रेडिओवरून त्याचं काय बिनसलंय तेही कळतं.

आणि ज्यांनी हा धंदा खरा केला त्यांनी काय केलं ते पाहा. जॉर्ज हेरिमनची ‘क्रेझी कॅट’ १९१३ पासून १९४४ पर्यंत चालली. त्यात मांजर उंदराच्या प्रेमात आहे. उंदीर त्याला वीट फेकून मारतो. मांजराला वाटतं, वीट म्हणजे प्रेमपत्र. कुत्रा पोलीस आहे, आणि तो मांजरावर भाळल्यामुळे उंदराला तुरुंगात टाकतो. तीन प्राण्यांचं जगजाहीर वैर घेऊन ते असं उलटं करून टांगलं आणि त्यावर तीस वर्षं काढली! चार्ल्स शुल्झचा स्नूपी १९५० साली आला तो चार पायांवर, चारचौघांसारखा कुत्रा. १९५२ साली त्याच्या डोक्यावर विचारांचे फुगे दिसू लागले. दोन पायांवर तो आणखी काही वर्षांनी उभा राहिला. कुणी त्याच्या कपाळावर पहिल्या दिवशी ‘इमानी’ असा शिक्का मारला नव्हता. शुल्झने ती पट्टी २००० सालापर्यंत, हात कापायला लागला तरी, मदतनीस न घेता स्वतः काढली.

प्राणी म्हणजे पोरांचा खेळ असं ज्यांना वाटतं त्यांना वॉल्ट केलीच्या ‘पोगो’ची एक हकीकत सांगतो. जॉर्जियातल्या एका दलदलीत राहणाऱ्या प्राण्यांची ही पट्टी. १९५३ साली केलीने त्यात एक रानमांजर आणलं आणि त्याला दिलं सिनेटर मॅकार्थीचं तोंड, म्हणजे ज्याच्या नावाने त्या वेळी अर्धी अमेरिका चळाचळा कापत होती त्याचं. पुढच्या वर्षी रोड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या वर्तमानपत्राने कळवलं की, हे तोंड पुन्हा दिसलं तर पट्टी बंद. केलीने काय करावं? त्याने पट्टीत प्रॉव्हिडन्सहून येणारी एक कोंबडी दाखवली. ‘रोड आयलंड रेड’ जातीची. ही जात आपल्या पोल्ट्रीवाल्यांच्याही चांगली ओळखीची आहे. आणि तिकडच्या कुणाला आपलं तोंड दिसू नये म्हणून रानमांजराने डोक्यावर पिशवी ओढून घेतली. अट पाळली गेली, आणि जे म्हणायचं ते पिशवीसकट म्हणून झालं.

नावं चिकटवण्यावरून आर्ट स्पीगलमनची ‘माउस’ आठवते. नाझींनी ज्यू लोकांना घूस-उंदरांच्या पंगतीला बसवलं होतं. स्पीगलमनने तीच शिवी उचलून आपल्या आईबापांची छळछावणीची कहाणी उंदीर काढूनच सांगितली. त्यात ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश लोक डुकरं. आणि उंदराला जीव वाचवायला पोलिश म्हणून वावरायचं असेल तेव्हा तो डुकराचा मुखवटा घालतो, आणि मुखवट्याची दोरी डोक्यामागे दिसते. १९९२ साली या पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. ती दोरी काढायला सुचणं हेच या कलेतलं सगळ्यात अवघड काम आहे. आपल्या लबाड कोल्ह्याच्या डोक्यामागे कुणी कधी दोरी काढलेली मी पाहिली नाही.

गोडव्याबद्दल थोडक्यात, कारण मला गोड वर्ज्य आहे. स्टीफन जे गूल्ड या शास्त्रज्ञाने १९७९ साली मिकी माउसवर लेख लिहिला. जुन्या-नव्या चित्रांतलं मिकीचं डोकं आणि डोळे त्याने चक्क मोजले. निघालं असं, की पन्नास वर्षांत मिकी वाढत्या वयाबरोबर लहान होत गेला: डोकं मोठं, डोळे मोठे, तान्ह्या पोरासारखा. सुरुवातीचा मिकी वांड होता, प्राण्यांना छळायचा. जसजसा सभ्य झाला तसतसा बाळसं धरत गेला. हे मी हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘‘तुमचं मग उलटं का झालं?’’ ते असो. मोठे डोळे काढले की बघणाऱ्याला जीव लावावासा वाटतो, हे खरं. पण गाढवाला जीव लावायला त्याचे डोळे बशीएवढे करावे लागत असतील तर तो जीव आपण गाढवाला लावत नाही, बशीला लावतो. माझ्या पुतण्याने परवा कॉम्प्युटरला सांगून एक गाढव काढून घेतलं, अर्ध्या मिनिटात. लांब पापण्या, टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात. ‘‘बघा काका, हसतंय!’’ हसत होतं खरं. दोन्ही कान सारखे होते.

कावळ्याची हकीकत सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. त्याला मी आधी चष्मा दिला होता, हेडक्लार्क म्हणून. दोन दिवस चष्मा टिकेना. मग लक्षात आलं, कावळ्याला कानच बाहेर नाहीत, काड्या अडकवायच्या कुठे? चष्मा गेला. आणि मग नुसता बघत बसलो तर कळलं की, त्याला काही द्यायची गरजच नाही. मानेभोवती राखी मफलर देवानेच दिलाय. चिमणी टुणटुण उड्या मारते. कावळा चालतो, मागे हात बांधून चालल्यासारखा, टेबलाटेबलांवरून नजर टाकत. हा माणसांचे चेहरे ओळखून लक्षात ठेवतो; वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुखवटे घालून २००६ साली याचा प्रयोगच केला. कावळे पकडताना जो मुखवटा घातला होता, तो पुढे कुणीही घालून आला की कावळे त्याच्यावर तुटून पडत. मुखवटा बदलला की गप्प. आणि बारीक रेघेच्या टाकाच्या निबेला इंग्रजीत ‘कावळ्याचं पीस’ म्हणतात, कारण पूर्वी ती खरोखरच त्याच्या पिसाची असायची. म्हणजे ज्याच्या पिसाने बाकीच्यांची चित्रं काढली, त्याचंच चित्र आपण धड काढलं नाही.

धड काढलं नाही म्हणण्याचं कारण चिऊ-काऊ. प्रत्येक मराठी पोराने ऐकलेली ही पहिली गोष्ट. काऊचं घर म्हणे शेणाचं, चिऊचं मेणाचं. साफ खोटं. कावळा काटक्या विणून घर बांधतो, शहरात काटक्या मिळाल्या नाहीत तर तारा वाकवून बांधतो. वर कोकिळेची पोरंही त्यातच वाढवतो. चिमणी आपल्या तुळईच्या खोबणीत गवत कोंबते, म्हणजे भाडं न देणारी पोटभाडेकरू. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो भिजत दारात उभा राहतो, आणि ही आतून बाळाला न्हाऊ घालते, पावडर लावते, काजळ घालते, पण दार काही उघडत नाही. आणि आपण आईच्या मांडीवर बसून हसतो. कुणावर? आत बसलेलीवर नाही.

ही गोष्ट मी सहाव्या पट्टीत घेतली होती. पाऊस, बंद दार, कावळा आणि त्याच्या शेजारी भिजत उभं असलेलं गाढव. शेवटच्या चौकटीत गाढवाचा एक कान दाराकडे, एक कावळ्याकडे. संवाद नाही. संपादकांनी तिथेच विचारलं होतं, ‘‘यात तात्पर्य काय?’’ मी सगळ्या पट्ट्या परत घेतल्या. त्यांच्या पुरवणीत सध्या कोल्हा येतो. नारिंगी.

माझ्या पट्ट्या हल्ली सोसायटीच्या फलकावर लागतात. काचेच्या आत, ‘उद्या पाणी येणार नाही’ आणि ‘थकबाकीदारांची यादी’ यांच्या मध्ये. आठवड्याला दोन, मंगळवारी आणि शुक्रवारी. वाचकवर्ग अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं अधिक इस्त्रीवाला. तळमजल्यावरच्या वकिलांना पाल आपल्यावर बेतली आहे असा संशय आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या पाच वर्षांच्या मुलीने पावसाची पट्टी बघून बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, ‘‘आजोबा, दार कोण उघडणार?’’ मी म्हटलं, बघू. तेव्हापासून ती दर मंगळवारी आधी फलकाकडे येते आणि मग शाळेच्या बसकडे. अजून दार उघडलेलं नाही, कारण चिमणीचा स्वभाव मला नीट उमगलेला नाही. चिमणीलाही बाजू असणार, आणि आमच्या गॅलरीत हल्ली चिमण्या फारशा येत नाहीत. बघायचं कुठे?

त्यातच पालीचा घोटाळा झाला आहे. गेल्या शुक्रवारी मांजराचा सुस्कारा चुकून झडपेत बदलला आणि पालीने शेपूट टाकलं. आता पालीचं शेपूट परत यायला काही आठवडे लागतात, आणि परत आलं तरी पहिल्यासारखं येत नाही. आखूड येतं, रंगही जरा वेगळा. म्हणजे मला दर पट्टीत ते थोडं थोडं वाढवत न्यावं लागणार. हिने सांगितलं, पालीला चार पट्ट्या सुट्टीवर पाठवा. पण मग वकील काय समजतील?